गळाला लागतं तेवढंच नदीत असतं का?

सॅम्पलिंग बायस समजून घ्यायला मासेमारीसारखं सोपं उदाहरण नाही.

अमेरिकेत, आर्कान्सामधल्या बफेलो नदीवर लोक होडीतून प्रवाहाबरोबर वाहत जात स्मॉलमाउथ बास गळाने पकडतात. समजा, सहा तासांत बारा मासे मिळाले; म्हणजे तासाला दोन. यालाच ‘कॅच पर युनिट एफर्ट’ म्हणतात. पण यावरून नदीत मासे किती, हे थेट सांगता येत नाही. का?

पहिलं कारण जागेचं. हा बास दगडांच्या, पडलेल्या झाडांच्या आडोशाला थांबतो. जाणकार गळ तिथेच टाकतो. उथळ, उघडं पाणी तसंच मागे पडतं.

दुसरं कारण माशाचं. इलिनॉयमध्ये लार्जमाउथ बासवर प्रयोग झाला. गळाला सहज लागणारे आणि न लागणारे मासे वेगळे करून त्यांच्या पिढ्या वाढवल्या. २००९ मध्ये निष्कर्ष आला: हा फरक काही अंशी आनुवंशिक आहे. म्हणजे गळ मासे नुसते मोजत नाही, निवडतोही.

मग विजेच्या सौम्य झटक्याने मासे सुन्न करून मोजावेत? तेही करतात, पण खोल डोहात ती पद्धत कमी पडते.

बायस नसलेली पद्धत शोधत बसू नका. आपल्या पद्धतीचा बायस कोणता, ते ओळखा. सिनॉप्सिस लिहिताना एवढंच विचारा: माझा गळ कुठे पडतच नाहीये?