पाहुणी येते इस्रायलहून

गेल्या दिवाळीनंतर आमच्या सासूबाईंची शाळेतली मैत्रीण पनवेलला यायची होती. साठ वर्षांपूर्वी लग्न होऊन इस्रायलला गेलेली ही बेने इस्रायली बाई; आडनाव अजून पनवेलकरच! १८४९ साली बांधलेल्या इथल्या बेथ एल सिनेगॉगमध्ये एकदा जाऊन बसायचं, एवढीच हौस. सासूबाईंनी चकलीची भाजणी आठवडाभर आधीच दळून आणली. आणि निघायला सहा दिवस उरले असताना मावशींच्या लेकीचा फोन, "वहिनी, परवाना आलाच नाही हो!"

झालं होतं असं, की तिनं अर्ज भरला तो कुणा दलालाच्या साइटवर. चित्रं, रंग, सगळं सरकारी थाटाचं. फी मात्र भरमसाट. पैसे गेले ते गेलेच.

भारत सरकारनं इंटरनेटवरून परवाना द्यायला सुरुवात केली २०१४ च्या नोव्हेंबरात, आणि पहिल्या यादीतच इस्रायल होता. अर्जाची खरी जागा एकच: इंडियनव्हिसाऑनलाइन डॉट जीओव्ही डॉट इन. शेवटचं 'जीओव्ही डॉट इन' डोळ्यांत तेल घालून पाहावं. बऱ्याच देशांच्या नागरिकांना ३० दिवसांच्या पर्यटन व्हिसासाठी एप्रिल ते जून १० डॉलर आणि एरवी २५ डॉलर पडतात. वर्षाचा ४०, पाच वर्षांचा ८०. वर बँकेचा थोडा आकार. देशागणिक फरक असतो, म्हणून आपल्या देशापुढचा आकडा पाहूनच भरावा, कारण अर्ज नामंजूर झाला तरी फी परत मिळत नाही. पासपोर्ट निदान सहा महिने चालणारा हवा, आणि नाव त्यावर आहे अक्षरन् अक्षर तसंच. (आपल्याकडे एकाच आडनावाची चार स्पेलिंगं, हे काय मी सांगायला हवं?) ३० दिवसांच्या व्हिसाचा अर्ज निदान चार दिवस आधी जायला हवा. आमचे दोनच दिवस हाताशी होते.

लेकीनं त्याच रात्री नवा अर्ज भरला. मंजुरी आली निघायच्या आदल्या दिवशी. तोवर सासूबाईंनी चकल्यांना हात लावू दिला नाही.

खरं तर मावशींसारख्या, एकेकाळी भारताचं नागरिकत्व असलेल्या माणसांना ओसीआय कार्ड काढता येतं. मग दर खेपेला व्हिसा नको. मुलांनातवंडांनाही मिळू शकतं. परदेशात त्याची फी २७५ डॉलर, पण वरचेवर येणाऱ्यांना परवडतं. शिवाय १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी पाहुण्यांनी उतरण्याआधीच्या ७२ तासांत आगमनाचं कार्ड ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे, बरं का! त्याचे कुणी पैसे मागितले तर समजून घ्या.

आणि एक काम आपलं. परदेशी पाहुणा घरी उतरला, की २४ तासांत ऑनलाइन कळवावं लागतं. हॉटेलांनाच नव्हे, घरांनाही. ह्यांनी पहिल्या संध्याकाळीच ते उरकलं. मावशी आणि सासूबाई तेव्हा ओटीवर चकल्या मोडत, शाळेतल्या गणिताच्या बाईंना नावं ठेवण्यात दंग होत्या.