कोंबड्यांच्या शेडला चुना, माणसांच्या घराला चॉकलेटी पत्रा

खरीप तोंडावर आला की आम्ही गावोगाव घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवणशक्ती तपासून देतो. गोणपाट ओले करायचे, त्यावर दहा-दहाच्या ओळीने शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि सात-आठ दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर किंवा त्याच्या वर कोंब आले तर नेहमीच्या प्रमाणात पेरा, कमी आले तर बियाणे वाढवा आणि फारच कमी आले तर बियाणे बदला, असा साधा हिशेब आहे.

२०२४ च्या मे महिन्यात माझ्या सज्जातील एका गावात एका शेतकऱ्याच्या दोन गुंडाळ्या सोडल्या. एकीत सत्तरच्या वर कोंब होते. दुसरीत शंभरात निम्मेही नव्हते. मला वाटले, दोन वेगवेगळ्या शेतांतले बियाणे असेल. पण नाही. रान एकच, मळणी एकाच दिवशी, एकाच यंत्रावर. फरक एवढाच, की निम्मी पोती जागेअभावी भावाच्या जुन्या माळवदाच्या घरात ठेवली होती आणि निम्मी यांच्या नव्या घरात.

"साहेब, नवं घर तर बघा चला. दोन वर्षं झाली बांधून, तुम्ही काही आला नाहीत," म्हणून काका मला घेऊन गेले.

घर खरोखर देखणे होते. पक्क्या विटांचे, गिलावा केलेले, भिंतींना पिस्ता रंग, खिडक्यांना जांभळा पट्टा आणि वर चॉकलेटी रंग दिलेले लोखंडी पत्रे. दुपारचे दोन वाजले होते. आत पंखा फिरत होता आणि गरम हवा अंगावर येत होती. बियाण्याची पोती पत्र्याला लागून माळ्यावर. घरात माणूस एकही नव्हते. काकांची ऐंशीच्या घरातली आई समोरच्या लिंबाखाली बाज टाकून पडली होती. "ती सकाळी नऊला बाहेर येती, दिवस मावळल्यावर आत जाती," काका म्हणाले. स्वतःच्या नव्या घरात म्हातारीला दुपारची सावली नव्हती.

घरामागे मुलाची कोंबड्यांची शेड. तिचे पत्रे मात्र पांढरेशुभ्र. विचारले तेव्हा मुलगा म्हणाला, "दरवर्षी मार्चला चुना मारतो साहेब. नाहीतर एप्रिल-मेमध्ये पक्षी पटापट मरतात."

मीही गेली कित्येक वर्षे शेतकऱ्यांना हेच सांगतो आहे. कोंबड्यांच्या शेडवर चुना मारा, गोठ्याच्या पत्र्याला पांढरा रंग द्या, कांदाचाळीवर शक्यतो लोखंडी पत्रा नको, टाकलाच तर पांढरा करा. माणसाच्या घराविषयी मात्र मी आजवर एका बैठकीतही बोललो नव्हतो. तेव्हा ही चूक माझ्यापासून सुरू होते, हे आधी कबूल करतो.

घराच्या रंगाचा विषय निघाला की आपल्याकडे सगळी चर्चा भिंतीवर होते. रंगाच्या दुकानातून कार्ड आणायचे, पोरीबाळींनी बोट ठेवायचे, घरधन्याने भाव विचारायचा. वरच्या पत्र्याचा रंग शेवटी, डब्यात जो उरेल तो. खरे तर हिशेब उलटा हवा. मराठवाड्यात मेच्या मध्यापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत, गावागावाप्रमाणे एक-दोन दिवस पुढेमागे, भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली पडत नाही. अशा दिवसांत भिंतीवर ऊन तिरपे पडते, तेही सकाळी पूर्वेला आणि दुपारनंतर पश्चिमेला. छतावर मात्र दिवसभर पडते आणि दुपारी सरळ पडते. म्हणजे उन्हाळ्यात घर तापते ते मुख्यतः वरून.

आता रंगाचे पाहा. नुकत्याच मारलेल्या चुन्यावर किंवा पांढऱ्या रंगावर पडलेल्या शंभर हिश्श्यांपैकी सत्तर-ऐंशी हिस्से ऊन परत फिरते. तांबड्या-तपकिरी रंगावरून पंचवीस-तीस आणि काळ्यावरून जेमतेम पाच-दहा. उरलेले सगळे पत्रा पितो आणि रात्रीपर्यंत खाली सोडत राहतो. डबा पांढरा घ्या की चॉकलेटी, भावात फार फरक नसतो.

ही काही शहरी लोकांची नवी टूम नाही. अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटेसाठी कृती आराखडा केला आणि पुढे २०१७ मध्ये त्यात गरीब वस्त्यांतील छते पांढरी करण्याचे काम घेतले. तेलंगणा सरकारने तर २०२३ मध्ये त्यासाठी धोरणच जाहीर केले. पण आपले जुने माळवद आठवा. लाकडाच्या तुळया, त्यावर किलचन आणि वर हात-दीड हात पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याच्या तोंडावर बायामाणसे टोपल्यांनी पांढरी माती आणून वर पसरायची. माती चिकण असते, पाणी धरून ठेवते, गळू देत नाही, हे कारण होतेच. पण जाडी आणि पांढरेपणा या दोन्हींमुळे खालची खोली मे महिन्यातही गार राहायची. काकांच्या भावाच्या घरातले बियाणे त्यामुळेच वाचले. आता माळवद नव्याने कोणी बांधणार नाही. लाकूड परवडत नाही आणि विंचवाकाट्याची भीतीही असते. निदान त्याचा पांढरा रंग तरी नव्या छतावर न्यावा.

छत कशाचे आहे यावर काय लावायचे ते ठरते. स्लॅब असेल तर काम सर्वांत सोपे आणि स्वस्त, कारण चुना सिमेंटवर चांगला धरतो. कळीचा चुना घ्यावा. एक किलोला सुमारे पाच लिटर पाणी या मापाने तो विझवावा आणि चोवीस तास मुरू द्यावा. मग जाड्या फडक्यातून गाळून घ्यावा. गरम पाण्यात विरघळवलेला डिंक दहा लिटर निवळाला चाळीस ग्रॅम याप्रमाणे घालावा. डिंक नसला तर चुना हाताला लागतो आणि पहिल्या वळवाला वाहून जातो. किलोमागे तीन ग्रॅमपर्यंत नीळ घातली की पांढरेपणा उठून दिसतो. स्लॅब आधी झाडून, धुऊन घ्यावा, शेवाळ खरवडून काढावे आणि पातळ असे तीन हात द्यावेत. एकच जाड हात दिला तर पोपडे सुटतात. विझवताना चुना उकळतो आणि उडतो. म्हणून प्लास्टिकच्या बादलीत विझवू नये, लोखंडी पिंप घ्यावे. चुन्यात पाणी ओतू नये, पाण्यात थोडा थोडा चुना सोडावा. पोरांना लांब ठेवावे. डोळ्यात थेंब गेला तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे आणि दवाखाना गाठावा. हा चुना पावसाळ्यात निघून जातो, त्यामुळे दरवर्षी होळीच्या आधी पुन्हा मारावा लागतो. गळका स्लॅब मात्र चुन्याने बंद होत नाही. भेगा आधी बुजवाव्यात.

जस्ताच्या पत्र्याचे तंत्र वेगळे. नवा पत्रा चकाकतो म्हणून तो तापत नसेल असे वाटते, पण हात लावून पाहा. ऊन तो परतवतो हे खरे, पण आत शिरलेली उष्णता लवकर सोडत नाही. दोन-चार पावसाळ्यांनी गंजला की काळपट होऊन आणखी तापतो. चुना पत्र्यावर टिकत नाही आणि जस्तालाही सोसत नाही. शेडवर दरवर्षी मारतात तो एका हंगामाच्या सोयीपुरता. राहत्या घराला बाहेरून लावायचा पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग द्यावा. नव्या जस्ती पत्र्यावर थेट ऑइलपेंट फासला तर एक-दोन उन्हाळ्यांत पापुद्रे निघतात. दुकानात जस्ती पत्र्याचा प्रायमर मागून घ्यावा, तो आधी लावावा. गंज असेल तर तारेच्या ब्रशने काढून गंजरोधक प्रायमर द्यावा, मग पांढरा. पत्रे अजून घ्यायचेच असतील तर कारखान्यातूनच रंगवून येणाऱ्या पत्र्यांत पांढरा किंवा दुधी रंग मागावा. दुकानदार निळा-लाल पुढे करील, कारण तो जास्त खपतो.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांबाबत एकच सांगतो, ते कोरडे घासू नका. त्यात अ‍ॅसबेस्टॉसचे तंतू असतात आणि ती धूळ फुप्फुसाला वाईट. पाणी मारून ओले असतानाच हलक्या हाताने स्वच्छ करावे. मंगळुरी कौलांना रंगाची गरजच नाही. कौलांच्या सांध्यांतून हवा खेळते, त्यामुळे ती पत्र्याइतकी झळ देत नाहीत.

काकांना हे सांगितले तर पहिला प्रश्न आला, "लोक म्हणतील, यांनी कोंबड्यांची शेड राहायला घेतली. मग?" माझ्याकडे याचे चांगले उत्तर नव्हते. एवढेच म्हटले, की काका, हौस भिंतीवर करा, वर बघायला कोण येतो?

भिंतीवर हौस करायची तरी वीट ओळखून करावी. आपल्याकडच्या गावभट्टीच्या विटेत क्षार असतात. ओल चढली की ते भिंतीच्या तोंडाशी येतात आणि पांढरी भुकटी फुटते. त्यालाच आपण लोणा म्हणतो. वीट पाणी शोषते आणि उन्हात ते बाहेर सोडते. ही वाट ऑइलपेंटने बंद केली की पाणी आणि लोणा आत अडकतात आणि रंग फुगून गिलाव्यासकट सुटतो. गावात जोत्याजवळ हातभर सोललेल्या भिंती दिसतात त्यांतल्या बऱ्याच अशाच. रंगाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. आधी ओल कुठून येते ते पाहावे. पन्हाळ फुटले आहे का, न्हाणीचे पाणी जोत्यात मुरते का? लोणा कोरड्या ब्रशने झाडावा. पाण्याने धुतला तर तो विरघळून परत आत जातो.

वीट चांगली भाजलेली, एकसारखी आणि सांधे नीट भरलेले असतील तर गिलावा आणि रंग दोन्ही वाचवता येतात. लॉरी बेकर यांनी केरळात उघड्या विटांची कितीतरी घरे बांधली. लाल विटेवर पांढरे छत शोभूनही दिसते. पण कच्ची, भुसभुशीत वीट उघडी ठेवू नये. आपल्या भट्ट्यांची वीट पाहता बहुतेकांना गिलावा करावाच लागेल.

गिलाव्यावर सिमेंट पेंट स्वस्त आणि ओलीला सोसणारा. मात्र तो पाण्यावर जगतो, हे रंगारी विसरतात. भिंत आधी भिजवावी, कालवलेला रंग तासाभरात संपवावा, दुसरा हात दुसऱ्या दिवशी द्यावा आणि नंतर दोन-तीन दिवस पाणी शिंपडावे. भर उन्हात कोरड्या भिंतीवर मारलेला सिमेंट पेंट खडूसारखा हाताला लागतो. अ‍ॅक्रिलिक रंग द्यायचा असेल तर नवा गिलावा किमान महिनाभर वाळू द्यावा. वास्तुशांतीची तारीख धरून रंग देण्याची घाई पुढे महागात पडते.

रंग कोणता, याबाबत माझे स्वतःचे मत फिक्या रंगांच्या बाजूचे आहे, विशेषतः पश्चिमेच्या भिंतीला. कार्डावर बोटभर दिसणारा रंग अख्ख्या भिंतीवर भडक होतो. म्हणून आधी दोन फूट बाय दोन फुटाचा तुकडा रंगवून सकाळी, दुपारी आणि दिवस कलताना पाहावा. गुलाबी, जांभळे रंग आपल्या उन्हात लवकर उडतात. काव, रामरज हे मातीचे रंग. ते वर्षानुवर्षे टिकतात. आपल्या आज्या पांढऱ्या भिंतीला खाली दोन फूट कावेचा पट्टा ओढायच्या. तो केवळ शोभेसाठी नव्हता. वळचणीचे पाणी अंगणात आदळून चिखल तेवढ्याच उंचीपर्यंत उडतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये काकांनी पत्रे खरवडून पांढरे केले. पिस्ता आणि जांभळा तसाच राहिला. मेमध्ये उगवण तपासायला गेलो तेव्हा बाज लिंबाखालीच होती, पण रिकामी. आत जाऊन पाहिले तर म्हातारी भिंतीला टेकून शेंगा फोडत होती. "दुपारी जरा टेकवतंय आता," म्हणाली. घर गार झाले असे मी म्हणणार नाही, पत्रा तो पत्राच. पण आत बसवत होते. बियाण्याची पोती मात्र यंदाही भावाच्या माळवदातच ठेवायला लावली होती.