पाच माणसं, मोजली तीन

मैत्रिणींनो, १७८७ साली फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना लिहिताना काय ठरलं, माहितीय? पाच गुलाम म्हणजे तीन माणसं! मत एकालाही नाही, पण त्यांच्या जिवावर मालकांच्या राज्यांचे प्रतिनिधी वाढायचे. १७९० च्या जनगणनेचे आकडे मी मांडून पाहिले. व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनियातली स्वतंत्र माणसं जवळपास सारखीच, साडेचार लाखांच्या आसपास. मात्र व्हर्जिनियात वर जवळजवळ तीन लाख गुलाम. म्हणून तिला जागा १९, पेनसिल्व्हेनियाला १३! मूळ घटनेत ‘गुलाम’ शब्दच नाही, ‘इतर व्यक्ती’ म्हटलंय. लाज वाटली असावी. गोऱ्या बायका मोजल्या पूर्ण, पण देशभर मताचा हक्क मिळाला १९२० साली. हा तीन-पंचमांशाचा हिशोब १८६८ साली चौदाव्या दुरुस्तीनं गेला. पाच वर्षांनी जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केलं, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना.