भूकंपाचें हस्ताक्षर

ता. ११ डिसेंबर १९६७ रोजीं, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनीं, कोयनानगर हादरलें. भूकंपाचें मान ६.३ होतें, दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. पुण्यास आमच्या वाड्यांतही मांडणीवरचीं भांडीं वाजलीं, आणि पुढें कित्येक दिवस वडीलधाऱ्यांत एकच वाद चालला : हें दैवानें केलें कीं धरणानें? मी तेव्हां लहान होतों. वादाचा निकाल भूकंपलेखांत लिहिलेला आहे, हें पुष्कळ वर्षांनीं उमगलें.

नैयायिक धुरावरून अग्नीचें अनुमान करतो. भूशास्त्रज्ञ कागदावरील रेषेवरून पाताळांतील घडामोडींचें. भेगेवर खडक सरकला म्हणजे भोंवतालचा प्रदेश जणूं चार चतकोरांत विभागला जातो. समोरासमोरच्या दोहोंत पहिली लहर जमिनीस वर ढकलते, उरलेल्या दोहोंत खालीं ओढते. अनेक वेधशाळांचे लेख जुळविले कीं चतकोरांच्या सीमा सांपडतात. दोन सीमांपैकीं एक खरी भेग. ती कोणती, तें मागाहून येणाऱ्या लहान धक्क्यांच्या रांगेवरून ठरतें. जेथें जमीन प्रथम खालीं जाते, त्या चतकोरांतून दाबाची दिशा जाते.

कोयनेच्या लेखांवरून निष्कर्ष निघाला तो असा : भेग उत्तर-ईशान्येकडून दक्षिण-नैर्ऋत्येकडे जाते. तिच्या एका कांठावरून पाहिल्यास पलीकडचा कांठ डावीकडे सरकला. दाब साधारणतः उत्तर-दक्षिण आहे. भारताचा भूखंड उत्तरेस सरकून हिमालयाशीं अडतो, त्याच्याशीं हें सुसंगत आहे.

मग धरण निर्दोष काय? तसेंही नव्हे. १९६२ पासून शिवाजीसागर भरूं लागला आणि धक्के जाणवूं लागले. १९८५ पासून वारणेचें धरण भरूं लागलें. १९९३ मध्यें त्या बाजूसही धक्के वाढले. फटींत शिरलेल्या पाण्याच्या दाबानें खडकांची परस्परांवरील पकड ढिली होते. परंतु सरकविणारा ताण पूर्वीचाच. पाणी हें निमित्त. मूळ कारण ताण.

भूकंपाचा दिवस व घटका या लेखांवरून सांगतां येत नाहीं. भेग कोठें आहे व कशी सरकेल, हें मात्र कळतें. तेव्हां दैव कीं धरण या वादांत वेळ न दवडतां, त्या मुलुखांतील घरांच्या भिंती व छपरें हादरा सोसतील अशीं बांधावीं, हेंच शहाणपण. भूकंप आपलें हस्ताक्षर ठेवून जातो; तें वाचून वेळीं सावध होणें आपल्या हातीं आहे.