नमुना तयार, मग पैसा कुठे अडतो?

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी दाल मिल वऱ्हाडात गावोगावी तूर भरडते. मग प्रयोगशाळेतला प्रत्येक शोध असा गावात का पोचत नाही?

शोध अडतो तो मधल्या टप्प्यात. नमुना चालला की संशोधनाचं अनुदान संपतं. बँकेला तारण आणि वेळेवर हप्ता हवा. शास्त्रज्ञाकडे असतो तो एकच नमुना. वरुड-मोर्शीच्या बागायतदाराला ही मधली ओढाताण सांगावी लागत नाही. संत्र्याचं कलम लावलं की चार-पाच वर्षं पाणी, खत, फवारणी चालूच, हाती मात्र काही नाही.

शोधाची अशी मधली वर्षं निभावायला सरकारी पैसा आहे. जैवतंत्रज्ञानातल्या कल्पनेला ‘बायरॅक’ या केंद्र सरकारच्या संस्थेचं ‘बिग’ अनुदान 50 लाखांपर्यंत मिळतं, 18 महिन्यांसाठी, आणि कंपनीतला हिस्सा न मागता. 2021च्या स्टार्टअप इंडिया सीड फंडात नमुना सिद्ध करायला 20 लाखांपर्यंत अनुदान ठेवलं होतं. बाजारात उतरायला 50 लाखांपर्यंत, पण कर्ज किंवा रोख्यांच्या रूपात. रक्कम एकदम हाती पडत नाही. इन्क्युबेटर, म्हणजे नवउद्योगाला आधार देणारं केंद्र, आधी कल्पना पारखतो, ठरलेलं काम झालं की पुढचा हप्ता सोडतो.

खासगी गुंतवणूकदार बहुधा यानंतर येतो, हिस्सा घेऊन.

शेतीच्या यंत्राची अडचण वेगळीच. तुरीच्या काढणीत चाचणी हुकली की थेट पुढच्या वर्षीच. 18 महिन्यांत जेमतेम एक-दोन हंगाम मिळतात, म्हणून शेतीच्या अनुदानाची मुदत महिन्यांत नव्हे, हंगामांत मोजायला हवी.