फाटक बंद करणे वेगळे, फाटक हटवणे वेगळे

मुंबईच्या लोकलमार्गावरील रेल्वे फाटकांशी राहात्याच्या कापड व्यापाऱ्याचा काय संबंध, असा सवाल काही वाचक करतील. संबंध असा की आपला माल काळबादेवी आणि भिवंडीहून येतो, आणि रेल्वेने खरेदीला जाणारा माणूस कल्याण-ठाणे मार्गानेच मुंबईत शिरतो. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेली मुंबई-साईनगर शिर्डी वंदे भारत गाडीही याच मार्गाने येते. कळव्याजवळचे खारेगाव, दिवा, ठाकुर्ली ही फाटके या मार्गावर वर्षानुवर्षे लोकलच्या उशिराचे कारण म्हणून ओळखली जात. ती हटवण्यात काय अडचणी आल्या हे समजून घेतले, तर उद्या आपल्या दारात हाच प्रश्न येईल तेव्हा उपयोग होईल.

फाटकावर माणूस थांबतो आणि गाडी निघून जाते, असे आपण समजतो. लोकलमार्गावर बरेचदा उलटे घडते. फाटक आणि सिग्नल एकमेकांशी जोडलेले असतात. फाटक पूर्ण बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. गर्दीच्या वेळी दर तीन-चार मिनिटांनी लोकल असते. मधल्या फटीत गेटमन फाटक उघडतो, रिक्षा, टेम्पो, मोटारसायकली घुसतात, एखादा टेम्पो रुळावरच अडकतो आणि फाटक पडत नाही. तोवर लोकल उभी, तिच्या मागची उभी आणि त्याच्याही मागची उभी. बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये गर्दीच्या वेळी चार-पाच हजार माणसे असतात. आता हिशेब करा. पाच मिनिटे गाडी थांबली तर चार हजार माणसांची मिळून वीस हजार मिनिटे गेली, म्हणजे तीनशे तासांहून अधिक. आठ तासांचा दिवस धरला तर चाळीस माणसांची पूर्ण दिवसाची रोजी एका टेम्पोपायी बुडाली.

कोणत्या फाटकावर पूल बांधायचा याचा रेल्वेचा जुना नियम आहे. चोवीस तासांत जाणाऱ्या गाड्यांची संख्या आणि रस्त्यावरील वाहनांची संख्या यांचा गुणाकार करतात. मोटार, ट्रक, बैलगाडी यांचा एक एकक, रिक्षाचा अर्धा. गुणाकार एक लाखाच्या वर गेला की पूल मंजुरीस पात्र ठरतो आणि खर्च रेल्वे व राज्य यांनी निम्मा निम्मा उचलायचा. दिवसाला २५ गाड्या जातात त्या मार्गावर यासाठी चार हजार वाहने लागतात. आठशे गाड्या जात असतील तर फक्त १२५ वाहने पुरतात. म्हणजे लोकलमार्गावरील लहानशा गल्लीचे फाटकसुद्धा कागदावर केव्हाच पात्र ठरते. तरीही पूल होत नाही, याचे कारण पैशापेक्षा जागा हे आहे.

रुळांवर पंचवीस हजार व्होल्टची तार असते. तिच्यासाठी रुळापासून सुमारे साडेसहा मीटर मोकळी उंची सोडावी लागते. त्यावर गर्डर आणि रस्त्याची जाडी धरली तर पूल आठ मीटरपर्यंत जातो. भरलेला ट्रक चढायचा तर चढ साधारण तीस मीटरला एक मीटर ठेवतात. आठ गुणिले तीस म्हणजे २४० मीटर एका बाजूला, तेवढेच दुसऱ्या बाजूला. विक्रोळीचा पूल हा याचा नमुनाच आहे. त्याची लांबी ६१५ मीटर. त्यात रेल्वे हद्दीतला भाग पन्नासेक मीटर, बाकी सारा महापालिकेचा पोहोचरस्ता. काम २०१८ मध्ये सुरू झाले आणि पूल खुला झाला जून २०२५ मध्ये. रुळांवरचा तुकडा तयार आणि दोन्ही टोके हवेत, असे चित्र मुंबईकरांनी ठिकठिकाणी पाहिले आहे. दिव्याचा पूलही जागेच्या प्रश्नात वर्षानुवर्षे रखडला. खारेगावचा पूल जानेवारी २०२२ मध्ये सुरू होऊन फाटक बंद झाले, आणि पुढच्याच महिन्यात ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका चालू झाली. मार्गिका वाढवायच्या आणि फाटक तसेच ठेवायचे, हे जमणारे नव्हतेच.

या पोहोचरस्त्याच्या दोन्ही बाजूंना असतात तुमच्या-आमच्यासारखे दुकानदार. फाटकावर थांबलेला माणूस हेच तिथल्या पानवाल्याचे, फळवाल्याचे, कटपीसवाल्याचे गिऱ्हाईक. पूल झाला की ते डोक्यावरून निघून जाते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने जागा गेली तर मोबदला आहे, काही अटींवर भाडेकरूचाही विचार आहे. पण दुकान जागेवर राहिले आणि गिऱ्हाईक गेले, तर त्याचा मोबदला कुणी देत नाही. म्हणून विरोध होतो. त्याला नुसता अडथळा म्हणून हिणवणे मला पटत नाही. पुलाखालची जागा, हातगाड्यांची सोय, पायऱ्या कुठे उतरणार, हे आराखड्यातच ठरवले तर निम्मा विरोध मिटतो.

दुसरी गोष्ट पायी चालणाऱ्याची. फाटक बंद करून भिंत घातली की कागदावर फाटक गेले. माणसाची पलीकडे जायची गरज मात्र गेली नाही. डोक्यावर गाठ घेतलेला हमाल २४० मीटर चढून तितकेच उतरणार नाही, तो भिंतीला पाडलेल्या भगदाडातून जाईल. मुंबईच्या लोकलमार्गावर दरवर्षी दोन हजारांवर माणसे जीव गमावतात आणि त्यांतला मोठा हिस्सा रूळ ओलांडणाऱ्यांचा असतो. म्हणून फाटकाच्या जागीच पादचारी पूल किंवा भुयार झाले, तरच फाटक हटले असे मी म्हणेन. भुयाराचीही गंमत आहे. अंधेरीचा सबवे दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो, हे सर्वांना माहीत आहे.

रस्ता उचलण्याऐवजी रूळच उचलायचे, असाही मार्ग आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरात २०१५ पासून हे काम एकाच यंत्रणेकडे दिले असून २०३० पर्यंत ११० फाटके हटवायचे ठरवले आहे. कुठे रूळ खंदकात घातले, कुठे खांबांवर चढवले. रूळ वर गेले की खालचा रस्ता, दुकाने, पायवाट जागच्या जागी राहतात. आपल्याकडे हरियाणात रोहतक शहरात असे झाले आहे. मुंबईत गाड्या एक दिवसही थांबवता येत नाहीत, त्यामुळे तिथे हे जवळजवळ अशक्य दिसते. आणि पूल म्हणजे कायमची सुटका नव्हे. मशीद बंदरच्या व्यापाऱ्यांचा कर्नाक पूल १८६८ चा. तो २०२२ मध्ये पाडावा लागला आणि नवा पूल जुलै २०२५ मध्ये खुला झाला. मधल्या काळात तिथून माल काढताना गाडीवाल्यांना वळसा घालावा लागला. त्याचे भाडे शेवटी मालावरच चढते.

आता आपल्याकडे पाहू. ३१ जानेवारी २०१९ पर्यंत देशातील ब्रॉडगेज मार्गांवरची सर्व बिनपहाऱ्याची फाटके संपली. दौंड-मनमाड मार्गाचे दुहेरीकरण टप्प्याटप्प्याने होत गेले. पुणतांबा, चितळी हे भाग याच मार्गावर आहेत. गाड्या वाढल्या की वरचा गुणाकार वाढतो आणि उरलेल्या फाटकांची पाळी येते. खेड्यापाड्यांत स्वस्त तोडगा म्हणून कमी उंचीचा भुयारी रस्ता दिला जातो. जीप, मोटारसायकल त्यातून आरामात जाते. पण मालाने भरलेला ट्रक सुमारे चार मीटर उंच होतो, उसाच्या ट्रॉल्याही कमी नसतात. भुयाराची उंची त्याहून कमी असली तर फाटक हटले, पण व्यापाऱ्याचा आणि शेतकऱ्याचा रस्ताही हटला. आराखडा ग्रामपंचायतीत येईल तेव्हा तीन आकडे विचारून लेखी घ्यावेत. भुयाराची मोकळी उंची किती, पावसाचे पाणी उपसणारा पंप कुणाच्या खर्चाने चालणार, आणि काम चालू असताना पर्यायी रस्ता किती किलोमीटरचा. खोदाई सुरू झाल्यावर उंची वाढवून मिळत नाही.