फायरमन व्हायचंय? फी भरण्याआधी उंची मोजा अन् सर्टिफिकेटवरचं नाव वाचा!

हिवरखेड (ता. तेल्हारा, जि. अकोला) : दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची सुडी, हिवाळ्यात जिनिंगमधला कापूस, उन्हाळ्यात कुटाराची गंजी नाहीतर गोठा. वऱ्हाडात आग लागण्याचा हंगाम तसा वर्षभर असतो. फोन गेला की पहिला प्रश्न एकच : ‘गाडी कुठून येणार?’ मोठी ग्रामपंचायत म्हणून ओळखलं जाणारं हिवरखेड आता नगरपरिषद झालं आहे, आणि १९६५ च्या नगरपरिषद कायद्यानुसार आग विझवणं हे नगरपरिषदेच्या बंधनकारक कामांपैकी एक आहे. म्हणजे आज ना उद्या गाडी लागेल, गाडीवर माणसंही लागतील.

ती माणसं कोण? पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या पोरा-पोरींपैकी अनेकांना हा दुसरा दरवाजा माहीतच नसतो. ज्यांना माहीत असतो, त्यातले काही चुकीच्या कोर्सला पैसे भरून बसतात.

आधी एक गोंधळ दूर करू

‘अग्निवीर’ म्हणजे फायरमन नव्हे. अग्निवीर ही २०२२ मध्ये आलेली चार वर्षांची सैन्यभरती आहे. आग विझवणाऱ्याला सरकारी जाहिरातीत ‘अग्निशामक’, ‘अग्निशमन विमोचक’ किंवा थेट ‘फायरमन’ म्हणतात. मोबाइलवर जाहिराती शोधताना हे तिन्ही शब्द टाकून पाहा, नाहीतर अर्धी भरती नजरेतून सुटते.

कोणता कोर्स खरा?

महाराष्ट्रात या क्षेत्रातलं वजनदार नाव म्हणजे महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय आणि त्याचं मुंबईतल्या कालिना (सांताक्रूझ पूर्व) इथलं राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्र. इथे दोन मुख्य कोर्स आहेत. अग्निशामक कोर्स सहा महिन्यांचा, दहावीवर. उपस्थानक अधिकारी व अग्नि प्रतिबंधक अधिकारी कोर्स एक वर्षाचा, पदवीवर.

संचालनालयाच्या आतापर्यंतच्या प्रवेश जाहिराती पाहिल्या, तर अग्निशामक कोर्ससाठी खुल्या गटाला दहावीत ५० टक्के, मागासवर्गीयांना ४५ टक्के गुण लागतात. वय १८ ते २३, मागासवर्गीयांना सवलत. मुलांसाठी उंची १६५ सेंटिमीटर, वजन ५० किलो, छाती न फुगवता ८१ आणि फुगवून ८६ सेंटिमीटर. महाराष्ट्राचं डोमिसाइल हवंच. दरवर्षीची जाहिरात मात्र स्वतः वाचा, अटी थोड्याफार बदलतात.

इथे वयाकडे नीट बघा. दहावीनंतर आधी बारावी, मग पदवी, मग दोन-तीन वर्षं पोलीस भरती आणि मग फायरमनचा विचार, अशा क्रमाने गेलं तर खुल्या गटातल्या मुलाचं कोर्सचं वय निघून गेलेलं असतं. नोकरीची वयोमर्यादा वेगळी, कोर्सची वेगळी. कोर्सची आधी संपते. पदवीधरांसाठी अधिकारी कोर्सचा मार्ग उरतो, पण तिथेही वय बघितलं जातंच.

आता खासगी संस्थांबद्दल. ‘फायर अँड सेफ्टी डिप्लोमा, शंभर टक्के नोकरी’ असे फलक प्रत्येक तालुक्याच्या बसस्टँडवर दिसतात. हे सगळे कोर्स बोगस नसतात. कारखान्यात, मॉलमध्ये, हॉस्पिटलमध्ये सेफ्टीच्या कामाला त्यातले काही चालतात. पण महापालिकेच्या भरतीत कागदपत्रं तपासणारा माणूस जाहिरातीत छापलेलं कोर्सचं नाव आणि तुमच्या सर्टिफिकेटवरचं नाव समोरासमोर ठेवतो. जुळलं नाही तर मैदानावरचे गुण कामाचे नाहीत. काही जाहिरातींत समकक्ष कोर्स चालतो, काहींत नाही. म्हणून फी भरण्याआधी त्या संस्थेला एकच प्रश्न विचारा : मागच्या कोणत्या महापालिकेच्या जाहिरातीत तुमच्या कोर्सचं नाव होतं? जाहिरात दाखवायला सांगा. दाखवली नाही, तर घरी या.

मग खर्च किती?

संचालनालयाच्या मागील प्रवेशांमध्ये अग्निशामक कोर्सचं अर्जशुल्क खुल्या गटाला ६०० आणि राखीवला ५०० रुपये होतं, अधिकारी कोर्सचं ७५० आणि ६०० रुपये. खिसा खरा रिकामा होतो तो त्यानंतर. हिवरखेडहून एसटीने अकोला, तिथून विदर्भ किंवा अमरावती एक्स्प्रेसने मुंबई. मोजमाप आणि कागदपत्रांसाठी एक फेरी, प्रवेशासाठी दुसरी. निवड झाली तर प्रशिक्षण शुल्क, गणवेश, बूट, जेवण. आणि सहा महिने घरात न येणारी मजुरी, जी कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेली नसते.

त्यातही एक गोष्ट स्पष्ट हवी : हा प्रशिक्षणाचा प्रवेश आहे, नोकरीची भरती नव्हे. कोर्स झाला की प्रत्येक महापालिकेचा अर्ज वेगळा भरायचा. २०२३ च्या नगरपरिषद राज्यसेवा भरतीत परीक्षा शुल्क खुल्या गटाला १,००० आणि राखीवला ९०० रुपये होतं. एका वर्षात अशा तीन जाहिराती आल्या तर खुल्या गटाचे ३,००० रुपये नुसत्या अर्जांत जातात. डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर, जातवैधता, एमएस-सीआयटी ही कागदपत्रं आधीच काढून ठेवली तर शेवटच्या आठवड्यातली सेतू केंद्रावरची धावपळ आणि एजंटचे पैसे वाचतात.

नोकऱ्या खरंच निघतात का?

निघतात, पण सलग नाही. वऱ्हाडाला जवळचं उदाहरण नागपूर महापालिकेचं : अग्निशमन विभागाच्या ३५० जागांच्या जाहिरातीत २९७ जागा अग्निशामक विमोचकाच्या होत्या, वेतनश्रेणी १९,९०० ते ६३,२०० रुपये. २०२३ च्या नगरपरिषद भरतीत १,७८२ पैकी ३७२ जागा अग्निशमन सेवेच्या होत्या, पण त्या अधिकारी पदांच्या.

मुंबईचा हिशेब वेगळाच. मुंबई अग्निशमन दलाने २०२३ च्या सुरुवातीला दहिसरच्या मैदानावर ९१० जागांची भरती घेतली. तिथे आधीच्या कोर्सची अट नव्हती, बारावीत ५० टक्के हवे होते. निवडलेल्यांना दल स्वतः शिकवतं. पण उंची मुलांना १७२ आणि मुलींना १६२ सेंटिमीटर. म्हणजे कालिन्याच्या कोर्सला चालणारा १६८ सेंटिमीटरचा मुलगा मुंबईच्या गेटवरूनच परत. शेवटच्या दिवशी, ४ फेब्रुवारीला, उंचीच्या मोजमापावरून मुलींनी तिथे आंदोलनही केलं. चाचणीत १९ फुटांवरून जंपिंग शीटमध्ये उडी होती. धावायची सवय आपल्याकडे असते, उंचीवरून उडी मारायची नसते.

मुलींनी नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर यांचं नाव लक्षात ठेवावं. १९५७ पासून नागपुरात असलेल्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात प्रवेश मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. पुढे त्या ओएनजीसीच्या अग्निशमन सेवेत गेल्या.

जड वाहनाचा परवाना असलेल्यांनी ‘चालक-यंत्रचालक’ हे पद वेगळं शोधावं. गाडी चालवणं आणि घटनास्थळी पंप चालवणं, दोन्ही त्याच्याकडे असतं.

सरकारी जागा नाही मिळाली तर?

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला लागलेल्या आगीत १० नवजात बाळं गेली. त्यानंतर दवाखान्यांचं फायर ऑडिट हा शब्द घरोघरी पोचला. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार मालकाला दर जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यावं लागतं. या एजन्सींना प्रशिक्षित हात लागतात. पगार महापालिकेइतका नसतो, पण अनुभव जमतो.

छोट्या नगरपरिषदांचं वास्तवही सांगायला हवं. अनेक ठिकाणी एक गाडी, एक चालक आणि कंत्राटावरची दोन-तीन पोरं, एवढ्यावरच भागवलं जातं. कंत्राटावर घेताना कोर्स विचारला जातोच असं नाही. पण कापसाच्या गाठीला लागलेली आग वरून पाणी मारून विझत नाही. गाठ आत धुमसत राहते, ती फोडून पसरावी लागते, आणि तोवर धुरात उभं राहायचं असतं. हे न शिकता गाडीवर चढणाऱ्याचा जीव स्वस्त धरला जातो.

अग्निशामक कोर्सची पुढची प्रवेश सूचना संचालनालयाच्या संकेतस्थळावरच येईल. तोवर दहावीची गुणपत्रिका आणि मोजपट्टी काढा. उंची सकाळी मोजा, भिंतीला टाच लावून, बुटाशिवाय.